स्वतःची एकच गाडी आहे, कोणत्या ट्रान्सपोर्टला लावावी?

चौदाचाकी_चाकण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होतो, आता स्वतःची घेतली आहे. चौदा चाकी, ४२ टनी, बीएस-६. गाडी मीच चालवतो. सध्या चाकणच्या अड्ड्यावरून ब्रोकरचा माल भरतो, पण कायमचं कुठेतरी लावायचं मनात आहे. दोन ठिकाणी बोलणी झाली आहेत.

पहिली, एक मोठी लॉजिस्टिक्स कंपनी. चाकण ते होसूर ठरलेली लाइन. जाताना ५५ हजार, येताना त्यांचाच माल ३८ हजारात. डिझेल त्यांच्या कार्डावर, बाकी पैसे ४५ दिवसांनी.

दुसरा निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतला ट्रान्सपोर्टर. त्याच लाइनला ६४ हजार देतो म्हणतो. ८० टक्के अॅडव्हान्स गाडी भरल्यावर, बाकी पोच (माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती) दिल्यावर. परतीचं मात्र “बघू, मिळेल” एवढंच.

घरच्यांचं म्हणणं दुसरा घे, रोख हातात पडते. मला ठरवता येत नाहीये. हप्ता डोक्यावर आहे, चुकीच्या ठिकाणी अडकायचं नाही. ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी सांगा.

---

घाटउतार

भाऊ, पहिली गोष्ट, फेरीच्या भाड्यावरून तुलना करू नका. फेरीचे निव्वळ पैसे काढा आणि त्याला दिवसांनी भागा. गाडीचा हप्ता, विमा, पासिंग हे सगळं दिवसावर चढतं, फेरीवर नाही. तुमचेच आकडे घेऊन मांडतो.

चाकण–होसूर साधारण ९०० किमी धरू. भरलेली गाडी लिटरला साडेतीन, रिकामी पाच, डिझेल ९० रुपये. म्हणजे भरून एका बाजूला २३,१०० च्या आसपास, रिकामी आली तर १६,२००. टोल जाऊन-येऊन १४ हजार धरतो, तुमच्या फास्टॅगच्या स्टेटमेंटवरून नेमका घाला.

कंपनीची फेरी: ५५ आणि ३८ मिळून ९३ हजार. डिझेल ४६,२००, टोल १४,०००. उरले ३२,८००. सात दिवसांत फेरी झाली तर दिवसाला ४,६८५.

निगडीवाल्याचा माल टाकून रिकामे आलात: ६४ हजारातून डिझेल ३९,३००, टोल १४,०००. उरले १०,७००. पाच दिवसांत परत आलात तरी दिवसाला २,१४०. ही फेरी कधीच करायची नाही.

निगडीवाल्याचा माल, आणि परतीचा तिकडच्या मार्केटमधून ३८ हजारात लगेच मिळाला: उरले ४१,८००, सात दिवस, दिवसाला जवळजवळ सहा हजार. उत्तम. पण होसूरला परतीसाठी दोन दिवस थांबलात की नऊ दिवस होतात आणि दिवसाचे ४,६४४ उरतात, म्हणजे कंपनीएवढेच. तिसऱ्या दिवशी कंपनी पुढे गेली.

तेव्हा निगडीवाल्याला विचारायचा प्रश्न एवढाच: तिकडे तुझं स्वतःचं ऑफिस आहे का, की तिथल्या ब्रोकरचा फोन नंबर देणार? बंगळुरू-होसूरला ज्याची स्वतःची शाखा आणि स्वतःची पार्टी आहे, तो परतीचं बोलू शकतो. बाकीच्यांच्या “मिळेल”ला काही अर्थ नाही.

आता कंपनीकडचा धोका. होसूरला गेटवर दोन दिवस गाडी उभी राहिली आणि हॉल्टिंग (गाडी थांबवल्याचे पैसे) मिळालं नाही, तर तेच ३२,८०० नऊ दिवसांत वाटले जातात आणि दिवसाचे ३,६४४ होतात. म्हणून कंपनीच्या करारात मी भाड्याच्या आधी हॉल्टिंगचं कलम वाचतो. किती तास फुकट, तास कधीपासून मोजायचे, त्यानंतर दिवसाला किती. घोडं पेंड खातं ते “कधीपासून” या शब्दापाशी. गाडी गेटवर पोचल्यापासून मोजतात की आत घेतल्यापासून? आत घेतल्यापासून असेल तर ते कलम असून नसल्यासारखं, कारण गाडी बाहेरच उभी ठेवतात.

---

लासलगाव_आझादपूर

वरच्या हिशोबाशी सहमत, पण मी कंपनीला गाडी लावणार नाही. कांद्याच्या हंगामात लासलगाव, पिंपळगाव भागात गाडी मिळत नाही तेव्हा भाडं दोन दिवसांत कुठल्या कुठे जातं. त्या वेळी करारातली गाडी ठरलेल्या दरात होसूरला चाललेली असते. आणि बाजार पडतो तेव्हा कंपनी म्हणते रेट रिव्हाइज करू. खालच्या बाजूला लवचीक, वरच्या बाजूला पक्का, असा करार मला मान्य नाही.

नाशिवंत मालात उशिराची कपात असते हे खरं आहे, पण तिथे गाडी कोणी अडवून ठेवत नाही. माल सडतो म्हणून उतरवून घ्यावाच लागतो. हा फायदा तुमच्या हिशोबात धरलेला नाही.

---

घाटउतार

लासलगावकर, मुद्दा बरोबर आहे. पण तुमच्याकडे पहिल्यापासून बांधलेले व्यापारी आहेत, दिल्लीच्या आझादपूर बाजाराचे आडते ओळखीचे आहेत. यांची गाडी नवी आणि ओळख नवी. शिवाय पुढच्या महिन्याचा हप्ता ज्याला भरायचाय त्याने हंगामावर अवलंबून राहावं असं मला वाटत नाही. ओळखी झाल्या की मग मार्केट.

---

वजनकाटा

धागाकर्ते, एक विचारतो. ते ६४ हजार किती टनाचे?

---

चौदाचाकी_चाकण

टनाला २,००० म्हणालाय. ३२ टन भरायचं म्हणाला.

---

वजनकाटा

हेच विचारायचं होतं. ४२ टनी गाडी म्हणजे माल आणि गाडी मिळून ४२. बॉडीसकट गाडी तेरा टनांची धरली तर माल २९ टन. हा माणूस तुम्हाला तीन टन जास्त भरायला लावून ६४ हजार दाखवतोय. पासिंगप्रमाणे (कागदावर मान्य असलेल्या वजनाइतकं) भरलंत तर त्याचं भाडं ५८ हजार आहे. कंपनीच्या ५५ शी त्याची तुलना करा, ६४ ची नको.

ओव्हरलोडचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार आहे. तीन टनांचे २६ हजार होतात, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा खर्च. जादा सहा हजारांसाठी २६ हजारांचा धोका, आणि चलन तुमच्या गाडीच्या नंबरवर येणार. ट्रान्सपोर्टर “रस्त्यात काही होत नाही, मी बघतो” म्हणतो, पण चलन ऑनलाइन निघालं की तो काही बघू शकत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीला हरकत घ्यायला आयतं कारण मिळतं ते वेगळंच.

माझा साधा नियम आहे. जो ट्रान्सपोर्टर पहिल्याच बोलण्यात पासिंगच्या वर भरायला सांगतो, त्याच्याकडे गाडी लावायची नाही. तो तुमच्या गाडीचे टायर, पाटे आणि परमिट तिन्ही विकून स्वतःचा रेट जुळवतो.

---

चौदाचाकी_चाकण

हे लक्षातच आलं नव्हतं. धन्यवाद दादा. म्हणजे घाटउतार यांच्या हिशोबात ५८ घातले तर, दोन दिवस थांबून परत आल्यास दिवसाला चार हजारांच्याही किंचित खालीच पडतात.

---

हिशोबवही

मी आमच्या घरच्या गाड्यांचे कागद सांभाळते, त्यामुळे पैशाच्या वेळेबद्दल लिहिते.

कंपनीचे “४५ दिवस” कधी सुरू होतात? गाडी खाली झाल्यापासून नाही. सही-शिक्क्याची मूळ पोच त्यांच्या ऑफिसात जमा झाली, त्यांनी ती तपासली, बिल बुक केलं, तिथून पुढे ४५. पोच कुरियरने पाठवली आणि कोणाच्या तरी टेबलावर आठवडाभर पडली तर तो आठवडा तुमचा गेला. म्हणून विचारा की पोच स्कॅन करून चालते का, आणि जमा केल्याची ईमेलवर नोंद मिळते का.

डिझेल त्यांच्या कार्डावर आहे ही तुमच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. ४५ दिवसांत सहा फेऱ्या होतात असं धरा. डिझेल फेरीला ४६,२०० म्हणजे सहा फेऱ्यांचे २ लाख ७७ हजार. हे सगळं खिशातून घालायचं असतं तर नव्या माणसाला सावकार गाठावा लागला असता. पण कार्डवर डिझेल कुठल्या भावाने लावतात ते पाहा. पंपावरचा भाव आणि त्यांच्या स्टेटमेंटमधला भाव सारखा हवा. काही ठिकाणी “सेवा शुल्क” म्हणून टक्का-दीड टक्का कापतात आणि ते भाड्यात कुठेच दिसत नाही.

आता कागद. हे कोणीही करा, कुठेही गाडी लावा:

उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारकडे नोंद) करून घ्या. ऑनलाइन, आधारवर, फुकट. एक गाडीवालासुद्धा सूक्ष्म सेवा उद्योगात बसतो. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. छोटा माणूस व्याज मागायला जात नाही हे मला माहीत आहे, मागितलं तर दुसऱ्या दिवशी माल मिळत नाही. पण २०२३-२४ पासून आयकरातही नियम आला आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. त्यामुळे मोठ्या कंपनीचा ऑडिटरच बिल अडवू देत नाही. बिलावर उद्यम नंबर छापून घ्या, भांडावं लागत नाही.

टीडीएस (बिलातून आधीच कापला जाणारा आयकर): दहा किंवा कमी गाड्या असतील तर पॅनसह तसं लेखी डिक्लरेशन द्या, टीडीएस कापत नाहीत. दिलं नाही तर एक टक्का जातो आणि रिटर्न भरून परत मागत बसावं लागतं.

जीएसटी: तुम्ही स्वतःची बिल्टी (माल वाहतुकीची पावती) फाडत नाही, गाडी ट्रान्सपोर्ट एजन्सीला भाड्याने देता, तोवर तुमची सेवा करमुक्त आहे. “जीएसटी नंबर काढ नाहीतर लावत नाही” असं कोणी म्हटलं तर कारण लेखी मागा.

आयकरात अंदाजित उत्पन्नाची सोय आहे, ज्याला सगळे ४४एई म्हणतात. अवजड गाडीला दर टन एकूण वजनामागे महिन्याला १,००० रुपये. तुमच्या ४२ टनाचे महिन्याला ४२ हजार, वर्षाचे ५ लाख ४ हजार उत्पन्न धरलं जातं. खरी कमाई जास्त असेल तर ती दाखवावी लागते. हे रिटर्न दरवर्षी वेळेत भरा, दुसरी गाडी घेताना बँक तेच मागते.

---

कळंबोलीकर

न्हावा शेवाच्या कंटेनर लाइनबद्दल कोणी विचारलं नाही, तरी नवीन गाडीवाल्यांसाठी लिहून ठेवतो, कारण ट्रेलर घेऊन इकडे येणारे बरेच आहेत. इथे भाड्यापेक्षा रिकामा डबा कुठे टाकायचा हा प्रश्न मोठा. माल खाली झाला तरी तुमची फेरी संपत नाही. शिपिंग लाइन सांगेल त्या यार्डात रिकामा कंटेनर जमा करायचा, आणि यार्ड भरलं म्हणून दुसरीकडे पाठवलं की तो फेरा कोणाच्या खिशातून? हे आधी लिहून घेतलं नसेल तर गाडीवाल्याच्याच. बाकी हिशोब वर सांगितलाय तोच.

---

इंडियानातला_नाशिककर

मी इथे अमेरिकेत स्वतःचा ट्रक एका कॅरियरकडे लीजवर लावून चालवतो. आधी नाशिकला काकांच्या गाडीवर होतो, म्हणून दोन्हीकडचं थोडं कळतं.

इथेही प्रश्न हेच आहेत. मैलामागे ठरलेला दर घ्यायचा की भाड्याचे टक्के, इंधनाचा वाढीव भाग कोणाचा, थांबल्याचे पैसे किती तासांनंतर. फरक इतकाच की लीजमध्ये काय काय लिहिलं पाहिजे हे केंद्राच्या नियमानेच ठरलेलं आहे. पोचीचे कागद दिल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. टक्क्यांवर गाडी लावली असेल तर पार्टीच्या मूळ भाड्याच्या बिलाची प्रत ट्रकवाल्याला दाखवावी लागते. कोणकोणत्या गोष्टींची कपात होणार ते लीजमध्ये आधी लिहावं लागतं, कपातीचा हिशोब मागता येतो. अनामत ठेवली असेल तर करार संपल्यावर ४५ दिवसांच्या आत परत. आणि टायर, विमा, डिझेल कॅरियरकडूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही.

एवढं असूनही इथे गाडीवाले फसतात, कारण लीज वाचत नाहीत. तिकडे असा नियम नाही, पण याच पाच गोष्टी कागदावर मागायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही. नाही म्हणाले तरी कशाला नाही म्हणाले त्यावरून माणूस कळतो. मी असतो तर कपातीची यादी सोडून बाकी सगळ्यावर तडजोड केली असती. कपातीवर नाही.

---

घाटउतार

कपातीवरून आठवलं. शॉर्टेज आणि डॅमेज. माल सीलबंद डब्यात किंवा कॉइल असेल तर ठीक, पण गोणीत किंवा सुटा माल असेल तर किती टक्के घट मान्य, आणि त्यावरची कपात कोणत्या भावाने, हे लिहून घ्या. पार्टीचा विमा असतो, पण विमा कंपनी पार्टीला पैसे देते आणि मग तेच पैसे वाहतूकदाराकडून वसूल करायला येते. ट्रान्सपोर्टर ते गाडीवाल्याच्या बिलातून वळते करतो. म्हणून विचारायचं, तुमचा वाहक म्हणून जबाबदारीचा विमा आहे का.

आणि कोरा चेक. काही जण “सिक्युरिटी” म्हणून सही केलेला कोरा चेक मागतात. देऊ नये. अनामत हवी असेल तर रक्कम आणि तारीख घालून, पावती घेऊन द्या.

---

लासलगाव_आझादपूर

वाराईचंही (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली) बोलून घ्या. ज्याचा माल त्याचा हमाल असं सगळे म्हणतात, पण खाली करताना गाडीवाल्याकडूनच घेतात. नगाला नाही तर टनाला किती, आणि ती बिलात धरणार की नाही. दर फेरीला हजार-दीड हजार सुटतात, वर्षाचा हिशोब केला तर टायरची जोडी होते.

इथून पुढे माझा विरोध नाही. कंपनीला लावा, पण “दुसऱ्याचा माल भरणार नाही” अशी अट असेल तर सही करू नका. त्यांच्याकडे दोन दिवस माल नसेल तेव्हा तुम्हाला मोकळीक हवी.

---

चौदाचाकी_चाकण

सगळ्यांचे आभार. आज कंपनीच्या चाकण ऑफिसला जाऊन आलो, इथले प्रश्न वहीत लिहून नेले होते. उत्तरं देतो, म्हणजे पुढच्यालाही उपयोग होईल.

हॉल्टिंग: २४ तास फुकट, त्यानंतर दिवसाला १,५०० म्हणाले. मी गेटवर पोचल्याच्या वेळेपासून मोजा म्हणालो. आधी नाही म्हणाले, मग त्यांच्या जीपीएसवर गाडी फॅक्टरीच्या हद्दीत आली ती वेळ धरायला तयार झाले. ईमेलवर देणार आहेत.

पोच: मोबाइलवरून स्कॅन केलेली चालेल, मूळ प्रत पुढच्या फेरीला चाकणला द्यायची. दिवस स्कॅनपासून मोजणार. उद्यम नंबर स्वतःहून मागितला.

डिझेल पंपाच्या भावाने, भाव पाच टक्क्यांपेक्षा जास्त हलला तर भाडं बदलेल. वर आणि खाली दोन्हीकडे. लासलगावकर काका, हे तुमच्यामुळे विचारलं.

कपातीची यादी मागितली तर “अशी यादी नसते” म्हणाले. तिथे मी अडलो आहे.

निगडीवाल्याला २९ टनच भरणार सांगितलं, तर म्हणाला मग ब्रोकरकडेच जा.

---

हिशोबवही

दादा, यादी नसते असं नाही, त्यांच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कपातीचे कोड असतात. खरेदी विभागाला न विचारता बिलिंगच्या माणसाला विचारा की गेल्या महिन्यात इतर गाड्यांच्या बिलात कुठल्या कुठल्या नावाने पैसे कापले. तीच यादी. ती एका कागदावर लिहून “याव्यतिरिक्त कपात करण्यापूर्वी लेखी कळवावे” एवढं एक वाक्य घालून ईमेल करा आणि उत्तर मागा. शक्य असेल तर त्यांच्याकडे आधीपासून लागलेल्या गाडीवाल्याचं एक सेटलमेंट स्टेटमेंट बघा, पार्किंगमध्ये कोणीतरी दाखवेल. पहिले तीन महिने करार ठेवा, त्यानंतर नूतनीकरण.

जीएसटी पोर्टलवर त्यांचा नंबर टाकून रिटर्न वेळेवर भरलेत का तेही पाहून घ्या. फुकट दिसतं. जो सरकारचे पैसे महिनोन्महिने भरत नाही तो गाडीवाल्याचे आधी देईल असं मला वाटत नाही. निगडीवाल्याचंही बघून ठेवा, त्याचा फोन परत येईल.

---

वजनकाटा

ई-वे बिलाचं (मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) राहिलं. २०० किमीला एक दिवस या हिशोबाने होसूरला पाच दिवस मिळतात, प्रवासाला पुरतात. पण शनिवारी पोचलात, गेट बंद, रविवारी मध्यरात्री मुदत संपली, आणि सोमवारी त्यांनी दुसऱ्या गोडाऊनला जा म्हणून सांगितलं तर रस्त्यावर गाडी पकडली जाते. मुदत वाढवायची ती संपण्याच्या आठ तास आधी ते आठ तास नंतर एवढ्याच वेळात. ते काम कंपनीचं आहे, पण रविवारी रात्री फोन उचलणारा कोण, त्याचा नंबर आजच घेऊन ठेवा. एक नको, दोन.

---

चौदाचाकी_चाकण

बिलिंगच्या ताईंना भेटलो. आठ कोड निघाले, त्यातले दोन मला माहीतच नव्हते: तालपत्री नीट न बांधल्याचा दंड आणि ट्रॅकिंग बंद असल्याचा दंड. दोन्हीची रक्कम विचारून ईमेल केला आहे. उत्तर आलं की सही करतो, तोपर्यंत अड्ड्यावरूनच माल भरतोय. रविवारच्या ड्युटीचे दोन्ही नंबर घेतले.